अर्ध्याच्या खाली नाय

डिझेलच्या पाइपाविषयी कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत एकाच माणसाचा शब्द अखेरचा मानला जातो, आणि तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. मानला जातो म्हणजे मामा स्वतः तसं मानतात. या विषयात अखेरचा शब्द असतो याचीच इतरांना कल्पना नाही, कारण पहिला शब्द ऐकताच त्यांना कुठेतरी जायचं असल्याचं आठवतं. मी जावई. जावयापुढे ताट वाढलेलं असतं, त्यामुळे त्याला उठून जाता येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मामांच्या गावी, लोधिवलीला गेलो तेव्हा मामांनी माझं शिक्षण, नोकरी, घरदार यांतलं काहीही विचारलं नाही. ताटात भाकरी पडायच्या आत त्यांनी विचारलं, ‘‘जावईबापू, इंजिन मोठं का नळी मोठी?’’ मी शिकलेल्या माणसासारखा ‘इंजिन’ म्हणालो. मामांनी मामींकडे पाहिलं. मुलगी द्यायच्या आधी एवढं तरी विचारून घ्यायला हवं होतं, असं त्या पाहण्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचा ट्रक होता. नाक पुढे काढलेला, लाकडी हौद्याचा, दारावर पाच रंगांचा पंचशील ध्वज रंगवलेला हा ट्रक घरासमोरच्या चिंचेखाली उभा असे. मामा आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघांनी मिळून तो जुनाच विकत घेतला होता. दोघांनी त्यातून विटा, पेंढा, मांडवाचे बांबू आणि एकदा तर एका फार्महाउसवाल्याचा संगमरवरी हत्ती वाहून नेला. धाकटे भाऊ मी कधी पाहिले नाहीत. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी ते आजारपणात गेले. त्यांचा मुलगा प्रशांत आता पस्तिशीचा आहे, रसायनीकडे कंपनीत जातो, आणि त्याचा स्वतःचा छोटा टेंपो आहे. डंपर आले, रस्ते रुंद झाले, फार्महाउसवाल्यांचे हत्ती क्रेनने उतरू लागले, तसा मामांच्या गाडीचा धंदा कमी होत गेला. मामांचं बोलणं मात्र त्याच प्रमाणात वाढत गेलं. गाडी उभी असली की माणसाला तिच्याविषयी विचार करायला वेळ मिळतो.

मामांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. इंजिन काय, कुठल्याही बाजारात पैसे टाकले की मिळतं. नळी मिळत नाही. नळी निवडावी लागते. ही निवड करायला ते इस्त्रीचा शर्ट घालून कर्जतला जात. स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराला ते लांबून येताना दिसले की तो बिचारा आधीच स्टूल पुढे ओढून ठेवत असे, कारण हे काम उभ्याने व्हायचं नाही हे त्याला अनुभवाने कळलं होतं. मामा नळी हातात घेत, वाकवत, आणि वाकवल्यावर तिचा गुडघा कसा दुमडतो ते बघत. ‘‘भायेरून गोल दिसती, पण आतनं बसती ही,’’ म्हणून पहिली बाजूला. दुसरीचा वास घेत. रबराचा वास फार उग्र आला तर ती लबाड. तिसरीतून फुंकून दुसऱ्या टोकाला गालावर हवा घेत आणि डोळे मिटून थोडा वेळ थांबत. या परीक्षेत नक्की काय बघायचं असतं ते मला आजवर समजलेलं नाही. शंभर नळ्यांतून एक पसंत पडली तरी ती लगेच गाडीला लागत नसे. तिचा वीतभर तुकडा डिझेलमध्ये बुडवून ठेवायचा आणि तो फुगतो का, मऊ पडतो का ते बघायचं, ही शेवटची पायरी. ही पायरी मामींच्या लोणच्याच्या बरणीत पार पडे. म्हणून मामी प्रत्येक नव्या पाहुण्याला दारातच सांगत, ‘‘पाणी मागा, चा मागा, पण मांडणीवरचं काय आपल्या हातानं उघडून घेऊ नका.’’

एकदा पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीची लाट आली. आतून डिझेल वाहताना दिसतं, म्हणून सगळ्या ड्रायव्हरांनी त्या लावल्या. मामांनी ठाम नकार दिला. ‘‘आतलं दिसतं म्हणून नळी चांगली असं व्हतं का रं? बाटलीतली दारू बी दिसती.’’ उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने त्या नळ्या पिवळ्या पडल्या, कडक झाल्या आणि तडकल्या, तेव्हा मामा चौक गावच्या नाक्यावर दोन दिवस नुसतेच उभे होते. काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. फक्त ते दिसावेत एवढीच त्यांची इच्छा होती.

आमच्या शेलूच्या फ्लॅटवर ते पहिल्यांदा आले तेव्हाही असंच झालं. आमच्या सोसायटीच्या नावात नदी आहे आणि पाणी टँकरने येतं. नवीन टाइल्स, मोठी खिडकी, खिडकीतून दिसणारा डोंगर, हे सगळं मी मोठ्या हौसेने दाखवत होतो. मामा थेट बाथरूममागच्या डक्टमध्ये डोकं घालून वरखाली बघून आले. ‘‘नळ्या झ्याक हायत,’’ ते म्हणाले, ‘‘आता त्यातनं काय सोडायचं ते ठरवा.’’

आणि मी डेंग्यूने कर्जतच्या दवाखान्यात पडलो होतो तेव्हा मामा भेटायला आले, ते माझ्याकडे न बघता सलाइनकडे वळले. बाटलीपासून माझ्या मनगटापर्यंत सगळी नळी त्यांनी बोटाने चाचपली आणि मधे एक बारीकसा बुडबुडा दिसताच ओरडले, ‘‘शिस्टर! एअर घेतलीय याने!’’ नर्सने येऊन नळीला टिचकी मारली आणि ती निघून गेली. मामांना ते तांत्रिकदृष्ट्या पटलं नसावं. संध्याकाळपर्यंत ते स्टुलावर बसून त्या नळीवर नजर ठेवून होते. मला दोनदा सांगितलं, ‘‘तुमी झोपा. मी हाय.’’ तेव्हा मला या प्रकाराचं फक्त हसू आलं होतं.

पण या माणसाच्या पांडित्यात एक विचित्र भोक होतं, आणि ते माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. नळी निवडण्यावर ते तासन् तास बोलत. नळी जोडण्यावर एक अक्षर नाही. बरणीतली परीक्षा पास झालेली नळी लावायचा दिवस आला की ते सगळ्यांना हाकलत. ‘‘जा रं, कामं करा आपापली.’’ मग जुनं पोतं अंथरून गाडीखाली शिरत. क्लिप, पाना, तांब्याचे वायसर, सगळं आपणच हाताशी घेत. खालून ना एखादं सुभाषित येई, ना शिवी. थोड्या वेळाने बाहेर येऊन हात पुसत चहा मागत. ज्याचा प्रत्येक गोष्टीवर सिद्धान्त आहे त्याच्या गप्प राहण्याकडे लक्ष द्यायला हवं, हे पुस्तकं वाचून कळतं, पण मामांच्या अंगणात बसलेलं असताना सुचत नाही.

दुसरा सिद्धान्त टाकीचा. मामांच्या गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली कधीही जात नसे. काट्यावर त्यांचा भरवसा नव्हता. ते टाकीत वेताची काठी घालून बघत, आणि डिझेलची ओल काठीवरच्या खाचेच्या जवळ आली की पंप गाठत. ‘‘अर्ध्याच्या खाली नाय,’’ हे वाक्य ते इतक्या गांभीर्याने म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे पंचशीलातलं सहावं शील आहे. त्यामागे तत्त्वज्ञान होतं. गाडी राबते, तिला अर्धपोटी राबवणं हा अन्याय आहे. ज्याच्या घरात पुरेसं असतं त्याचा आवाज खणखणीत निघतो, तसंच इंजिनाचं. वगैरे. प्रशांतला हे सगळं लहानपणापासून पाठ होतं. तो म्हणायचा, ‘‘काका, गाडी हाय का गाभण म्हैस? सारखं पोट भरलेलं पायजे!’’ मामा म्हणायचे, ‘‘तुझ्यावाणी रिकामी तर नाय ना फिरत.’’ टाकी सदा भरलेली असल्याचा एक परिणाम असा झाला होता की गावात कुणाला पंपासाठी, जनरेटरसाठी डिझेल कमी पडलं की लोक कॅन घेऊन मामांकडे येत. मामा देत, आणि लगेच पंपावर जाऊन टाकी भरून आणत.

मग विहारासाठी बुद्धमूर्ती आली. गावच्या विहारात आतापर्यंत छोटी मूर्ती होती. सगळ्यांनी वर्गणी काढून आता मोठी, बसलेली, ध्यानातली मूर्ती घडवून घेतली. ती कर्जतला एका गोदामात येऊन पडली होती. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी ती मिरवणुकीने गावात आणायची, भन्तेजी वाट बघत असणार, आणि बारापूर्वी मूर्ती आसनावर बसलेली हवी, असं ठरलं. प्रश्न फक्त वाहनाचा होता. विहार समितीचा अध्यक्ष प्रशांत. बैठकीत तो सरळ म्हणाला, ‘‘माझा टेंपो हाय, नवीन हाय, बंद पडत नाय. काकांच्या गाडीला आता धावायचं वय नाय.’’ खरं होतं. गाडीची कागदावरची मुदत त्या पावसाळ्याआधीच संपणार होती आणि ती पुन्हा पास होणार नाही हे मामांनाही माहीत होतं. मामा बैठकीत उठून उभे राहिले. मी लांबलचक भाषणाची तयारी ठेवली. ते एवढंच म्हणाले, ‘‘ह्या गाडीनं गावात मांडवाचे बांबू आणले, विहाराच्या विटा आणल्या. एवढं एक आणू द्या. मग न्या तिला कुठं न्यायची ती.’’ आणि खाली बसले. प्रशांतने होकाराची मान हलवली, पण बाहेर आल्यावर मला म्हणाला, ‘‘भाऊजी, गाडी वाटेत बंद पडली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाय. त्यांना पण आणि मला पण.’’

पुढचे पंधरा दिवस मामी बरणी शोधत होत्या. जुन्या नळ्या काढून नव्या लावायच्या, त्याही अशा की त्यांच्यापुढे इतर नळ्यांना अर्थच उरू नये, असा मामांचा इरादा होता. कर्जतचा दुकानदार शेवटी म्हणाला, ‘‘मामा, मूर्ती आणायची का नळीची प्रतिष्ठापना करायची?’’ अखेर आत दोऱ्याची वीण असलेली एक काळी रबरी नळी पसंत पडली. अंगण रिकामं करण्यात आलं. पोतं अंथरलं गेलं. चहा झाला.

मिरवणूक निघाली ती मोठी देखणी होती. हौद्यात पुढे फुलांत बसवलेली मूर्ती, मागे स्पीकरचे डबे एकावर एक, त्यांच्या पायाशी जनरेटर. पांढऱ्या साड्यांतल्या बायका पुढे, मागे पोरं नाचत होती. मामा पांढऱ्या शर्टात, ताठ मानेने स्टिअरिंगवर. मी त्यांच्या शेजारी. ज्याने राजवाडा सोडून मौन धरलं त्याच्या स्वागताला एवढा आवाज कशाला, असा विचार माझ्या मनात आला, पण तो स्पीकरपुढे ऐकू आला नसता. चौकच्या अलीकडच्या चढावर गाडीने एक उसासा टाकला, दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

मामांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. ते उतरले, बॉनेट उघडलं, नवी नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. कुठे ओल नाही, कुठे चीर नाही. ‘‘एअर घेतलीय,’’ ते पुटपुटले. हातपंप दाबून दाबून त्यांनी हवा काढली, गाडी चालू झाली, बैलगाडीच्या लांबीएवढी गेली आणि पुन्हा थांबली. ऊन चढत होतं. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. प्रशांत पाण्याच्या पिंपांचा टेंपो घेऊन पुढे येऊन उभा राहिला. ‘‘काका, मूर्ती इकडं घेऊ या. बारा वाजतील.’’ मामांनी वेताची काठी काढली आणि टाकीत घातली. ओल खाचेच्या खाली होती. त्यांनी काठी प्रशांतपुढे धरली.

‘‘कोणी काढलं?’’

प्रशांत चपापला. ‘‘सकाळी जनरेटरला पायजे व्हतं. तुमची टाकी तर कायम फुल्ल... पण काका, अजून अर्धी हाय! अर्ध्या टाकीत गाडी उपाशी कशी मरंल?’’

मामा हौद्यावर चढले आणि जनरेटर बंद केला. एकदम एवढी शांतता झाली की झाडावरचा कोतवाल पक्षी ऐकू आला. मग त्यांनी जनरेटरचं सगळं डिझेल कॅनमध्ये ओतून घेतलं, खाली येऊन टाकीत रिकामं केलं, हवा काढली आणि गाडी सुरू केली. ती चढ चढली. गाणं वाजवायला आता काहीच उरलं नव्हतं. नाचणारी पोरं आधी गोंधळली, मग नुसतीच चालू लागली. बायकांतल्या एका म्हातारीने वंदना सुरू केली, ती हळूहळू सगळ्यांच्या तोंडी आली, आणि जुन्या इंजिनाच्या एकसुरी आवाजावर ती संथ पुढे सरकत गेली. गावात पोहोचलो तेव्हा लोक रस्त्याकडेला हात जोडून उभे होते. भन्तेजी म्हणाले, इतकी शांत मिरवणूक त्यांनी पाहिली नाही. समितीने याचं श्रेय नियोजनाला दिलं. मूर्ती बारापूर्वी आसनावर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात मामांबरोबर चहा पीत होतो. प्रशांत भल्या पहाटेपासून गाडीखाली शिरलेला होता. अर्ध्या टाकीचं कोडं त्याला झोपू देत नव्हतं. तो बाहेर आला तेव्हा कपाळावर ग्रीस आणि डोळ्यांत विजय होता. ‘‘काका! पाइप उलटे हायत!’’ त्याने मला समजावून सांगितलं. टाकीच्या डोक्यावर दोन तोंडं असतात. एकाची नळी आत तळापर्यंत गेलेली असते, तिच्यातून डिझेल इंजिनाकडे जातं. दुसरीची आखूड, मधेच संपलेली. इंजिनाला नको झालेलं डिझेल तिच्यातून परत येतं. मामांच्या गाडीचं इंजिन इतकी वर्षं त्या आखूड नळीतून पीत होतं. टाकी निम्म्याखाली गेली की नळीच्या टोकाशी नुसती हवा. ‘‘चढावर डिझेल मागं सरलं, आन् खलास! पोटबिट काय नाय, तत्त्वज्ञान काय नाय. चुकीचं जोडलंय!’’

‘‘ठाव हाय,’’ मामा म्हणाले.

प्रशांत जागीच थांबला. ‘‘ठाव हाय? मग बदललं का नाय?’’

मामांनी बशीतला उरलेला चहा संपवला. ‘‘तुझ्या बापानं जोडलेत.’’

प्रशांतने मनगटाने कपाळावरचं ग्रीस पुसलं.

‘‘नळी कंची घ्यायची ते मी बघायचं, जोडायचं ते त्यानं,’’ मामा म्हणाले. ‘‘गाडी घेतली त्याच दिशी ठरलं व्हतं. मी त्याच्या कामात बोलायचो नाय, तो माझ्या. पहिल्यांदा त्यानं जोडलं तवा गाडी अशीच मधी मधी थांबायची. लोकं त्याला हसतील म्हणून मीच सांगत सुटलो, आमी टाकी अर्ध्याच्या खाली नेत नाय. मला खरं काय ते कळलं तवा तो दवाखान्यात व्हता. सगळ्या अंगाला नळ्या. तिथं काय हे सांगायचं?’’

‘‘पण आता तर तुमीच जोडता ना, काका?’’

‘‘जोडतो की. त्यानं जोडलं व्हतं तसं.’’

मामी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘दोघं भाऊ तसलेच. एकानं चूक केली, दुसऱ्यानं तिच्यावर प्रवचनं दिली.’’

प्रशांत वळला आणि पुन्हा गाडीखाली शिरला. मला वाटलं, आता तो नळ्या बदलणार. मामांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी बशी खाली ठेवली पण ते उठले नाहीत. खालून पान्याचा आवाज आला. थोड्या वेळाने प्रशांत बाहेर आला, फडक्याला हात पुसले आणि कुणाकडे न बघता म्हणाला, ‘‘एक क्लिप ढिली व्हती. आवळली.’’

पावसाआधी गाडी भंगारात गेली. खोपोलीकडून भंगारवाला आला तेव्हा मामांनी तिला हार घातला, टाकी भरून दिली आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘अर्ध्याच्या खाली नेऊ नका.’’ तो भला माणूस ‘बरं मामा’ म्हणाला. चिंचेखालच्या जागेवर आता तेलाचा एक काळा चौकोन आहे. तिथे मामी वाळवण घालत नाहीत. वाळवणाला तेलाचा वास लागतो, असं कारण त्या देतात. मामा अजून कधी कधी इस्त्रीचा शर्ट घालून कर्जतला जातात, दुकानदार स्टूल पुढे ओढतो, नळ्या बघून होतात, आणि ते काही न घेता परत येतात.

प्रशांतमध्ये मात्र एक बदल झाला आहे. त्याच्या टेंपोचा काटा निम्म्यावर आला की तो असेल तिथून वळतो आणि हायवेच्या पंपावर रांगेत जाऊन उभा राहतो. बरोबरचे लोक वैतागतात, तो ऐकत नाही. मीही एकदा त्याच्याबरोबर त्या रांगेत उन्हात तासभर उभा होतो. कारण विचारलं तर म्हणाला, ‘‘आमच्यात अर्ध्याच्या खाली नेत नाय.’’

त्याचा टेंपो सीएनजीवर चालतो.